चौथा बॉयलर

नवा अमेरिकन सुपरिंटेंडेंट अबू धाबीला आला तेव्हा त्याच्या सामानात दोन निशाणं होती, एक लाल आणि एक हिरवं. शिवाय त्याच्या गावाचा चौकटीत बसवलेला फोटोही होता. गाव म्हणायचं ते सवयीने. फोटोत चाळीस-चाळीस मजल्यांच्या इमारती एकमेकींच्या खांद्याला खांदा लावून उभ्या होत्या. त्याने तो टेबलावर अशा कोनात ठेवला होता, की सही करायला वाकणाऱ्या प्रत्येकाचा त्याला आपोआप नमस्कार घडे.

साठच्या दशकाची अखेर होती. तेल सापडलं होतं, पण शहर अजून नकाशावरच होतं. बाहेर वाळू, खारी हवा आणि आमची पत्र्याची शेड. मी मुंबईहून आलेला टाइमकीपर. पॉवर हाउससाठी चार बॉयलर बसवायचे होते. ते बार्जवरून किनाऱ्यावर उतरत. पुढे क्रेनची चाकं वाळूत रुतत, म्हणून ओंडक्यांवरून ओढत न्यायचं काम रत्नागिरीकडच्या बारा खलाशांकडे होतं. बाराही एकाच गावचे आणि एकाच मशिदीच्या जमातीतले. त्यांना घेऊन आला होता त्यांचा म्होरक्या, म्हातारा तांडेल.

ते ओढत ते गाण्यावर. तांडेल एक ओळ टाके, बाकीचे 'हेलेसा' म्हणत दोर खेचत. ओळी जागच्या जागी रचलेल्या असत.

"सायबाच्या टोपीला..."

"हेलेसा!"

"वारा लागू दे थोडा..."

"हेलेसा!"

तांडेल स्वतः ओढत नसे. बॉयलर उतारावर घसरू नये म्हणून मागे खांबाला वेढे दिलेला एक रोखदोर असे, त्यावर तो तळवा ठेवून उभा राही. भार किती, ओंडका कुठे अडला, हे त्याला तळव्यातून कळे. कळायला दुसरा मार्गही नव्हता. त्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. गँगला हे ठाऊक होतं आणि मला. दर गुरुवारी हजेरीपुस्तकावर अंगठा उठवायला तो येई आणि अंगठा वीतभर दूर टेबलावर टेकवू लागे. मी पुस्तक अंगठ्याखाली सरकवत असे.

"मला धाडायचा नाय, मास्तर," तो एकदा म्हणाला होता. "चौथा बॉयलर बसला की मी आपल्या पायानं जाणार. अनफिट म्हणून बोटीत चढवला, तर गावात काय तोंड दाखवू? ह्या बारांच्या आयांना मी शब्द दिलाय."

दोन बॉयलर बसले आणि हा सुपरिंटेंडेंट आला. त्याचा पहिला हुकूम: साइटवर गाणं बंद. त्याच्या शहरात म्हणे इतक्या उंचीवर लोखंड चढतं की माणसाचा आवाज पोचतच नाही. सगळं काम निशाणावर. हिरवं म्हणजे ओढा, लाल म्हणजे थांबा. आमचं काम जमिनीवरच चालतं, हे त्याला सांगण्याइतका पगार मला नव्हता.

ज्याला निशाण दिसत नाही, तो निशाणावर काम कसं करणार?

मुंबईच्या वाचनालयात मी शिकागोच्या कामगारांबद्दल वाचलं होतं. आठ तासांच्या दिवसासाठी ते कसे उठले, हे वाचून बसल्या जागी माझं रक्त उसळलं होतं. इथे युनियन नव्हती. तो शब्दही लोक इकडेतिकडे बघून उच्चारत. म्हणून मी अर्ज लिहिला. मागण्या चौदा. कामाचे तास, दुपारची सुट्टी, थंड पाणी, कामगारांची समिती. 'मानवी प्रतिष्ठा' हे शब्द तीनदा आले होते. शुक्रवारी नमाजानंतर खलाशांच्या खोलीत मी तो मराठीत वाचून दाखवला.

तांडेलने पूर्ण ऐकलं. मग विचारलं, "झ्याक हाय. पण मास्तर, ह्यात आमचा गाना कुठाय?"

नव्हतं. चौदा मागण्यांत तेवढंच राहिलं होतं.

"मास्तर शिकागोला जाऊन आला," एक खलाशी म्हणाला, "वाटेत आमची खोली लागली नाय त्याला." सगळे हसले. त्या हशाची भरपाई म्हणून त्यांनी मला मासळीच्या कालवणाचा मोठा वाडगा दिला.

मी नवा अर्ज लिहिला. एक ओळ: खलाशांना गाण्याची परवानगी असावी. सुपरिंटेंडेंटने तो वाचून परत दिला. "ही बोट नाही," म्हणाला.

तिसरा बॉयलर निघाला. निशाणांवर, मुकाट. सुपरिंटेंडेंट निशाणं घेऊन सिमेंटच्या चौथऱ्यावर उभा होता, मी त्याच्या बाजूला. बारा माना निशाणाकडे वळलेल्या; तांडेल पाठमोरा, हात रोखदोरावर. उतार लागला. हिरवं निशाण वर गेलं.

"धर!" तांडेल ओरडला. "धरून ठेव!"

हिरवं निशाण वरच होतं, पण बाराही जण जागच्या जागी थांबले.

सुपरिंटेंडेंट तरातरा खाली उतरला. "विचार त्याला, निशाण दिसत नाही का?"

मी भाषांतराला उगाच वेळ लावला. "तांडेल, साहेब विचारतोय की... का थांबलात."

"त्यानं ह्ये विचारलान नाय," तांडेल म्हणाला. "सांग त्याला, नाय दिसत. म्हणावं, तुला दिसतंय ना, मग दोर बघ."

रोखदोर खांबाला घासून विरला होता. तीन पेडांपैकी एकच शिल्लक होता. अजून हातभर ओढलं असतं तर बॉयलर खाली पायाच्या खड्ड्यात गेला असता, आणि खड्ड्यात तीन माणसं काम करत होती.

सुपरिंटेंडेंटने तो पेड बराच वेळ बोटांत धरला. मग तांडेलच्या डोळ्यांपुढे हळूच हात हलवला. पापणी लवली नाही. आता याला बोटीत चढवणार, असं मला वाटलं.

"माझा बाप त्या इमारतींवर रिव्हेट ठोकायचा," तो माझ्याकडे न बघता म्हणाला. "चाळिशीत ठार बहिरा झाला. सोबती त्याच्या बुटावर हातोडी टेकवून खुणा करायचे. ऑफिसला शेवटपर्यंत कळू दिलं नाही." मग मला विचारलं, "किती राहिले?"

"हा धरून दोन."

दुसऱ्या दिवशी टाइप केलेली नोटीस लागली: खलाशी पथकास ध्वनिसंकेत वापरण्यास मान्यता देण्यात येत आहे. गाणं हा शब्द त्यात नव्हता. एवढ्या मोठ्या शहरातून आलेल्या माणसाला तो लिहिणं जड गेलं असावं. चौथ्या बॉयलरच्या वेळी ध्वनिसंकेतांत त्याच्या टोपीचा, टकलाचा आणि दोन्ही निशाणांचा उद्धार झाला. तो खाली उभा राहून ऐकत होता आणि अर्थ काय म्हणून मला विचारत होता. "शुभेच्छा," मी सांगितलं.

शेवटच्या गुरुवारी तांडेल आला. मी पुस्तक अंगठ्याखाली सरकवलं. सोडण्याचं कारण, असा एक रकाना होता.

"काय लिवलंत?"

"स्वतःहून."

"मोठ्या अक्षरांत लिवा."

"तुम्हाला कुठे दिसणार आहे?"

"मला नाय हो," तो म्हणाला. "रकान्यास दिसू दे."

मी मोठ्या अक्षरांत लिहिलं. रकान्याबाहेर गेलं.