भाताच्या देवाच्या दारात माझे बूट

आता तुम्ही हसणार, मला माहीत आहे. हसा! पण आधी मला सांगा, देवळात कुणी बूट घालून जातं का?

पंचाहत्तर सालच्या आसपासची गोष्ट. भातशेती बघायला आम्हा काही शेतकऱ्यांना जपानला नेलं होतं. त्यात दिघाशीचा मी आणि अंबाडीचे गणपतकाका. माझ्या पायात मेव्हण्याचे बूट! भिवंडीत त्याचे कापडाचे लूम. स्वतःच्या लग्नासाठी घेतलेले कोरे बूट त्यानं काळीज काढून द्यावं तसे दिले होते. "भावोजी, बूट परत आलं न्हाय तर तुम्हीपन येऊ नका!"

तिथं भाताच्या देवाचं शेकडो वर्षांचं देऊळ. पेरणीआधी शेतकरी बी आणून देवापुढं ठेवतात. ऐकूनच मी हात जोडले. आणि बघतो तर काय, लाल कमानीतून सगळे बूट घालून आत! आमचे काकासुद्धा!

"काका, लाज हाय का न्हाय? देवाचं दार हाय!"

"अरे, सगलीच चाललीत. पुढं पायरीशी काढू."

मी कसला ऐकतो! कमानीखालीच बूट काढले आणि खडीवरून ओय ओय करत गेलो. दर्शन घेऊन सगळ्यांच्या आधी परत आलो, तर बूट गायब!

अस्सा संताप आला म्हणता! चपला चोरीला घालवायला एवढ्या लांब कशाला यायचं? आपल्याकडे काय देवळं नाहीत?

पाय आपटत पुन्हा पायरीशी गेलो. जरा बाजूला गवताच्या सुरेख चपला होत्या, त्या पायात सरकवल्या. असं काय बघता? देवळात आपली चप्पल गेली की मिळेल ती घालून घरी यायचं. तुम्ही नाही केलं कधी?

आमचा दुभाषी जपानी, पण हिंदी बोलायचा अगदी पुस्तकातली. त्याला धरलं.

"ए भाई, मेरा बूट चोरी हो गया! सबका पाँव देखो! जिसके पाँव में दुसरे का माल, वोही चोर!"

"श्रीमान, यहाँ चोरी नहीं होती।"

"तो बूट क्या चलके गया?"

बिचाऱ्यानं सगळ्यांना सांगितलं. म्हातारेकोतारे, बायाबापड्या, सगळे वाकून नमस्कार करत पाय पुढं करायला लागले. मी फौजदारासारखा एकेक पाय तपासत निघालो.

तेवढ्यात पुजारी आले. नुसत्या पांढऱ्या मोज्यांवर, खडीवरून ठेचकाळत. हातात तबक आणि तबकात माझे बूट, पुसून लख्ख!

दुभाषी म्हणाला, "कोई भूल गया होगा, यह सोचकर पुरोहितजी ने सँभालकर रखे थे। विलंब के लिए क्षमा माँगते हैं। उन्हें अपनी चप्पलें नहीं मिल रही थीं।"

तपासायचे राहिलेले पाय आता एकाचेच होते.

गणपतकाका म्हणाले, "हां फौजदार, आता तुझं दाखव!"