न आदळलेली गाडी

गाडी घ्यायची ठरली ती आईच्या गुडघ्यांमुळे. शस्त्रक्रिया सांगलीत झाली होती आणि नंतरचे व्यायामही तिथेच, दर आठवड्याला, घ्यायचे होते. एसटीची पायरी तिला चढता येत नव्हती. आमचं गाव साताऱ्याजवळ आणि मी नोकरीनिमित्त सांगलीत. थोरला भाऊ आईवडिलांबरोबर राहतो, औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात पाळीवर काम करतो. आठवड्याच्या मधल्या दिवशी त्याला सुट्टी मिळत नाही. त्यामुळे गाडी आबांनी, म्हणजे वडिलांनी, चालवायची यावर घरात चर्चासुद्धा झाली नाही.

आबांची सगळी नोकरी सैन्यात ट्रक चालवण्यात गेली. डोंगरातले रस्ते, एकामागे एक जाणाऱ्या गाड्या, अंगावर येणारं धुकं. निवृत्त झाल्यावरही कुणाचं वाहन न्यायचं असलं की ते आधी त्याच्याभोवती एक फेरी मारत. प्रत्येक चाकापाशी बसत, टायरच्या आतल्या बाजूनेसुद्धा तळहात फिरवत. ही फेरी गावाला पाठ होती. लग्नाची गाडी असली तरी नवरानवरी उन्हात ताटकळत. "थांबा, आबा नाडी बघत्यात," असं कुणीतरी म्हणे आणि वऱ्हाड हसे.

गाडी ताब्यात मिळाली त्या दिवशी साताऱ्याच्या शोरूममध्ये आम्ही सगळे होतो. गाडीवर लाल चमकदार कापड होतं. चारी चाकांखाली लिंबं ठेवली होती. पुठ्ठ्याची हातभर किल्ली, केक, झेंडूचा हार आणि कपाळाला लावायला कुंकू, सगळं तिथलंच. कापड निघालं तशी आबांनी फेरी सुरू केली. पुढच्या डाव्या चाकापाशी ते बसले आणि हात आत घातला.

"काका, जरा बाजूला. फ्रेममध्ये येताय," फोटोवाला म्हणाला.

आबा उठले नाहीत. तेव्हा आई म्हणाली, "आवं, उठा. आजच्या दिवशी खोट काढू नये."

आमच्याकडे हे असंच आहे. पारख आधी करायची. हळदकुंकू लागलं की त्या वस्तूविषयी उणं बोलायचं नाही. बैल बाजारात दात मोजून घेतात, चालवून बघतात आणि दारात आल्यावरच त्याला ओवाळतात. गाडीचा व्यवहार मात्र वेगळा. पसंती चित्रावरून होते, पैसे आधी भरले जातात, गाडी समोर येते ती हार घालूनच. पारखायची वेळ मधे कुठे येतच नाही. हे तेव्हा आमच्यापैकी कुणाच्याच लक्षात आलं नाही. आबा उठले, आईशेजारी उभे राहिले. भावाने गाडी हातभर पुढे घेतली, लिंबं चिरडली आणि शोरूममधल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या.

त्या गाडीची पहिली सर्व्हिसिंग व्हायच्या आधी तिचा टायर फुटला.

आईचा फोन आला. "टायर फुटलं. पेठनाक्याच्या अलीकडं हाय आमी. दोघंबी बरं हाय. तू जेवून घे." मी निघाले. पोचले तेव्हा गाडी कडेला होती, मागच्या चाकाला दगडाची अडण लावलेली. स्टेपनी बसवून झाली होती. आई झाडाखाली चादरीवर पाय लांब करून बसली होती, हातात लिंबू. फुटलेला टायर पुढच्या डाव्या चाकाचा. टायरच्या बाजूची रबरी भिंत हात जाईल इतकी फाटली होती. लोखंडी रिम सरळ होती, तिच्यावर ओरखडाही नव्हता. रस्ता कोरडा होता. मी मागे चालत जाऊन पाहिलं. खड्डा नव्हता, दगड नव्हता.

"आधी जरा डावीकडं ओढली," आबा म्हणाले. "म्हणून मी पाय काढला. मग फुटलं."

दुसऱ्या दिवशी शोरूममध्ये आबा, पाळी बुडवून आलेला भाऊ आणि मी गेलो. आई गुडघ्यांमुळे घरी राहिली. सर्व्हिस ॲडव्हायझर तरुण होता, इस्त्रीचा शर्ट, बोलणं मऊ. त्याने टायर उलटासुलटा केला, मोबाइलवर फोटो घेतले. आमच्यासाठी कॉफी मागवली.

"इम्पॅक्ट डॅमेज आहे सर," तो भावाला म्हणाला. "खड्ड्यात किंवा दुभाजकावर आदळली की असं होतं. हे वॉरंटीत बसत नाही."

"आदळली न्हाई," आबा म्हणाले.

"शिवाय टायर आमचा नसतो, टायर कंपनीचा असतो. आम्ही क्लेम पुढे पाठवू, पण उपयोग होणार नाही."

"मी चालवत हुतो. आदळली न्हाई."

तो आबांकडे वळला. आवाज आणखी मऊ केला. "काका, या वयात कधी कधी कळत नाही."

वाईट बोलल्याचं त्याच्या चेहऱ्यावर नव्हतं. त्याने ते उपकारासारखं सांगितलं होतं. मी लघुलेखक आहे, वाक्यं ऐकून उतरवून घेणं हाच माझा धंदा. पण हे वाक्य मला काही काळ नुसतं ऐकू येत राहिलं, त्याचा अर्थ लागेना. आबांचे हात मांडीवर होते, ते तसेच राहिले. भावाने एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि मग फरशीकडे. टायरपेक्षा मोठं काहीतरी तिथे फाटलं होतं. ते भावाच्या नजरेत दिसलं.

रात्रीच्या जेवणाच्या वेळी तो म्हणाला, "आबा, हितनं पुढं सांगलीला गाडी मी नेतो."

"तुला सुट्टी कुठं हाय?" आईने विचारलं.

"पाळी बदलून घेईन."

"गाडी आदळली न्हाई," आई म्हणाली. "आदळली असती तर माझ्या पोटाला कळलं असतं."

आईला गाडी लागते. डोळे मिटून, लिंबू नाकाशी धरून ती बसते आणि प्रत्येक हिसका सोसते. साताऱ्यापासून सांगलीपर्यंतचे गतिरोधक तिला न बघता सांगता येतात.

"तुला झोप लागली असंल," भाऊ म्हणाला.

"मला? गाडीत? उलटी आवरता आवरता सांगली येती माझी."

"आगं, ती माणसं रोज शंभर गाड्या बघत्यात."

"बघत्यात. बसले मी हुते."

भाऊ हसला, पण त्याचं मत बदललं नाही. तो वाईट माणूस नाही. त्याच्या डोळ्यांपुढे आई मागच्या सीटवर होती, महामार्ग होता आणि सत्तरीकडे झुकलेला बाप स्टिअरिंगवर होता. त्या मऊ आवाजातल्या वाक्याने त्याच्या मनातली भीती अलगद उचलून समोर ठेवली होती. आबांनी हात धुतले, खिशातून किल्ली काढली आणि त्याच्या ताटाशेजारी ठेवली.

नंतरच्या आठवड्यांत मी जेव्हा जेव्हा गावी गेले तेव्हा बदल दिसत गेला. शेजाऱ्यांच्या मुलीच्या लग्नात गाडी न्यायला आबांना बोलवायला आले, तेव्हा ते म्हणाले, "आधी डोळं तपासून घेतो." डोळे तपासले. डॉक्टरांनी काही दोष नाही म्हणून सांगितलं. तरी ते गेले नाहीत. चौकातल्या हॉटेलात त्यांच्यासारखेच निवृत्त झालेले चारजण सकाळी बसतात. त्यातला एक, आबांचा जुना सोबती, म्हणाला, "काय हवालदार, लडाखला चिखलातनं गाडी काढली आन् पेठनाक्यावर खड्डा दिसला न्हाई व्हय रं?" आबा त्यांच्याबरोबर हसले, चहा संपवला. पुढे त्या हॉटेलात जाणं त्यांनी बंद केलं. अंगणात उभ्या असलेल्या स्वतःच्या गाडीभोवतीची फेरीही बंद झाली. गाडीजवळून जाताना ते दुसरीकडे बघत.

मग तो दिवस आला. मी रजेवर गावी होते आणि सांगलीला परत निघाले होते, म्हणून गाडीत चौघं होतो. भाऊ चालवत होता, शेजारी आबा, मागे आई आणि मी. सकाळ होती, स्वच्छ ऊन. कऱ्हाड मागे पडलं. पुढे नव्याने केलेला रस्ता, टेबलासारखा सपाट. आबा गुडघ्यांवर हात ठेवून समोर बघत होते.

"कडंला घे," ते म्हणाले.

"का?"

"उजवीकडं ओढतीय."

"काय न्हाई ओढत, आबा."

थोड्या वेळाने पुढून आवाज आला, जवळच कुणीतरी पत्रा फाडावा तसा, आणि गाडी उजवीकडे फेकली गेली. भावाने ब्रेक दाबला. गाडीचं मागचं अंग फिरायला लागलं.

"ब्रेक सोड." आबांचा आवाज चढला नव्हता. त्यांचा एक हात स्टिअरिंगवर गेला होता. "सोड म्हणतो न्हवं. नुसती धर. घट्ट धर. आता येऊ दे तिला हळूहळू."

मागून आलेला ट्रक हॉर्न दाबत शेजारून गेला. त्याचा वारा गाडीला लागला. आम्ही कडेला थांबलो. भावाच्या मुठी स्टिअरिंगवरून सुटेनात. आबांनी इंजिन बंद केलं आणि त्याची बोटं एकेक करून सोडवली.

आईने दार उघडून बाहेर उलटी केली. पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, "आदळली न्हाई हां. आत्ताबी न्हाई."

पुढचा उजवा टायर बाजूच्या भिंतीतून फाटला होता. रिम सरळ, ओरखडा नाही.

स्टेपनी बसवून आम्ही सांगलीऐवजी मागे, शोरूमलाच गेलो. आई गाडीत थांबली. तोच ॲडव्हायझर होता. त्याने टायर उलटासुलटा केला, फोटो घेतले, कॉफी मागवली.

"कोण चालवत होतं?"

"मी," भाऊ म्हणाला.

"इम्पॅक्टच आहे. दादा, स्पीडमध्ये असलं की खड्डा गेलेला कळत नाही."

वाक्य तेच होतं. त्यातलं वय काढून वेग घातला होता, इतकाच फरक.

"खड्डा नव्हता," भाऊ म्हणाला. आबांची ओळ आता त्याच्या तोंडी आली होती.

"असणारच सर. नाहीतर टायर फुटेल कशाला?"

"गाडीत चौघं हुतो आम्ही."

"बरोबर आहे तुमचं. पण रिपोर्ट तसाच येणार."

"टायर कंपनीच्या माणसानं अजून टायर बघितलंबी न्हाई."

"हो, तो बघेलच. पण येणार तसाच."

हे तो काही न लपवता, अगदी सरळ बोलला. भाऊ उभा राहिला आणि पुन्हा बसला. त्याने आबांकडे बघायला मान वळवली. शेजारची खुर्ची रिकामी होती.

काचेचं दार अर्धवट उघडं होतं आणि पलीकडच्या दालनात दुसऱ्या कुणाची तरी नवी गाडी उभी होती. कापड नुकतंच निघालं होतं. हार, लिंबं, पुठ्ठ्याची किल्ली. एक कुटुंब नटूनथटून गाडीपुढे ओळीत उभं होतं आणि आबा पुढच्या डाव्या चाकापाशी बसले होते. हात कोपरापर्यंत आत.

"बाबा, फ्रेममध्ये येताय," फोटोवाला सांगत होता.

आरतीचं ताट हातात घेतलेली बाई नाराज झाली होती. "आवं आजोबा, शुभ कामात कसली खोट बघताय?"

"आजच बघायची, बाई," आबा न उठता म्हणाले. "उद्यापास्नं ती तुमची चूक असती."

बाईने ताट खाली केलं. आतून व्यवस्थापक लगबगीने आला आणि आमच्याकडे बघून म्हणाला, "हे तुमच्याबरोबर आहेत का? त्यांना जरा बाहेर न्या."

भाऊ काचेचं दार ढकलून आत गेला होता. तो आबांच्या मागे जाऊन उभा राहिला.

"व्हय, माझं वडील हायेत," तो म्हणाला. "त्यांचं चारी चाकं बघून हुईस्तवर थांबा."

व्यवस्थापक थांबला. त्या कुटुंबातला फेटा बांधलेला म्हातारा थोडा वेळ आबांकडे बघत होता. मग त्याने धोतर सावरलं आणि शेजारी उकिडवा बसला. आबांनी त्याचा हात धरून टायरच्या आतल्या बाजूला लावला. त्यांना तिथे काही सापडलं की नाही हे आम्हाला कळलं नाही. भाऊ आणि मी बाहेर आलो तेव्हा ते दोघं तिसऱ्या चाकापाशी पोचले होते आणि लिंबं अजून चिरडली नव्हती.

टायर कंपनीचं उत्तर पुढे आलं. बाह्य आघात, असं त्यात होतं. दोन्ही टायर कशाने फुटले हे आम्हाला आजही माहीत नाही. शोरूमच्या मागच्या मोकळ्या जागेत विकायच्या गाड्या उघड्यावर उभ्या असतात, काहींच्या चाकांभोवती गवत वाढलेलं असतं. एवढंच मी पाहिलं आहे; उन्हात रबर वाळून चिरतं, असं म्हणतात. त्यावरून काही सिद्ध होत नाही.

त्या दिवशी आबा शोरूममधून बाहेर आले तेव्हा भाऊ आमच्या गाडीच्या उजव्या दाराशी उभा होता. त्याने किल्ली पुढे केली. आबांनी ती घेतली, खिशात टाकली, पण दार उघडलं नाही. ते पुढच्या चाकापासून निघाले. वाकले, बसले, तळहात फिरवला, उठले, पुढे गेले. भाऊ त्यांच्या मागे एक पाऊल ठेवून चालला. जिथे ते बसले तिथे तोही बसला.

"चला की आता," आई आतून म्हणाली. "ऊन किती झालंय."

मागच्या डाव्या चाकाला आबांनी नेहमीपेक्षा जास्त वेळ लावला.

"काय हाय का?" भावाने विचारलं.

"हात घाल," आबा म्हणाले आणि बाजूला सरकले.