काकांच्या दोन गोळ्या आणि माझी बी.एस्सी.

माझ्या शहाणपणामुळे आमचे काका मरता मरता वाचले, आणि त्यासाठी मी बी.एस्सी. झालो होतो.

त्या काळी नांदुऱ्यात आमच्या घरात एवढा शिकलेला मी एकटाच, म्हणून काकांच्या औषधांचा कारभार माझ्याकडे. साखरेच्या आजाराची गोळी गावातल्या डॉक्टरांची. त्यांनी बजावलं होतं, गोळी घेऊन उपाशी राहू नका. छाती धडधडली, हात थरथरले की अंगातली साखर उतरली समजा आणि लगेच साखर खा. पुढे ब्लडप्रेशर निघालं, तेव्हा मी काकांना गुपचूप खामगावच्या डॉक्टरांकडे नेलं. इकडचं तिकडे आणि तिकडचं इकडे सांगायचं नाही, असा माझा हुकूम. (घरचा डॉक्टर सोडून दुसऱ्याकडे गेलो हे कळलं असतं, तर त्यांनी आमचा रामराम बंद केला असता!)

चुलतबहिणीला पाहायला पाहुणे यायचे होते. सकाळी दहाच्या ठोक्याला मी काकांना दोन्ही गोळ्या दिल्या. पाहुण्यांची गाडी उशिरा, आणि मुलीचा बाप त्यांच्याआधी जेवणार कसा? दीड वाजता पाहुणे बैठकीत टेकले, तेव्हा काका घामानं थबथबले होते आणि प्रत्येक गोष्टीला मान डोलवत होते. एरवी वाद घातल्याशिवाय पाणी न पिणारा माणूस! पाहुणे खूश. मुलीचा बाप असाच असतो, असं त्यांना वाटलं. खरं तर मलाही वाटलं.

काकू दारातून खुणावू लागली. मी शास्त्रीय पद्धतीनं काकांच्या छातीला हात लावला. छाती शांत.

"काही नाही काकू. धडधड नाही, म्हणजे साखर उतरली नाही."

तेवढ्यात काकांनी मुलाच्या वडिलांना विचारलं, "तुमी कोन?"

"चुलीत घाल तुही धडधड," काकू मला म्हणाली. "मानूस भिजून चिंब झाला, दिसत नाही काय तुले?"

तिनं मुलाच्या वडिलांच्या हातातला उष्टा सरबताचा ग्लास काढून घेतला आणि काकांच्या तोंडाला लावला. मग दुसऱ्या पाहुण्याचा. लाज वाटते सांगायला, पण मला त्या घटकेला काकांपेक्षा सोयरीकीचीच काळजी होती.

पाव तासानं काकांनी डोळे नीट उघडले आणि उशिरा आल्याबद्दल पाहुण्यांना झापलं. तेव्हा कुठं सगळ्यांच्या जिवात जीव आला.

गावातल्या डॉक्टरांनी दोन्ही औषधं पहिल्यांदाच शेजारी शेजारी पाहिली. "प्रेशरच्या या गोळीनं धडधड दबते. साखर उतरली तरी छाती गप्प राह्यते, घाम तेवढा सुटते. मले सांगितलं काऊन नाही?" सगळं घर माझ्याकडे पाहू लागलं.

सोयरीक मात्र जुळली. व्याही म्हणाले, पोरगी आईवर गेली असंल तर आमच्या पोराची काळजी मिटली.

आता दोन्ही आजार मला आहेत. दवाखान्यात बायको सोबत येते. मी जीभ फक्त दाखवायची, बोलते ती.