पेट्रोल पंपावर थांबणारे बाबा

साताऱ्याहून बदली झालेल्या एका बँकेच्या साहेबांची गाडी चालवत बाबा जयपूरला आले. पुढं साहेब परत गेले, बाबा इथंच राहिले. खातीपुऱ्यात एक खोली, पाच बिऱ्हाडांत एक संडास, आणि त्या खोलीत अभ्यास करून घराण्यातली पहिली पदवीधर झालेली मी. हे मी अभिमानानं सांगते. पुढचं सांगताना मान खाली जाते.

बाबांना जाऊन सहा आठवडे झाले. प्रोस्टेटच्या कॅन्सरनं गेले... आणि मी प्रयोगशाळेत काम करते ते त्याच कॅन्सरच्या पेशींवर. पुरुषी हार्मोनवर या पेशी पोसतात. पण तेच हार्मोन काही जनुकंही जागी करतं, आणि ती पेशींच्या वाढीला आवर घालतात. त्यातल्या एका जनुकामागे मी चार वर्षं आहे. प्रयोगशाळेत येणाऱ्या पाहुण्यांना हे सगळं न अडखळता समजावते. घरी मात्र "कॅन्सरवर काम करते," एवढंच. प्रोस्टेट म्हटलं की लघवी आलीच; बापासमोर लेकीनं तो विषय कसा काढायचा?

आम्ही राजापार्कच्या बाजारात निघालो की बाबा वाटेत दोनदा गाडी थांबवायचे. मी म्हणायचे, "बाबा, जयपुरातला एकेक पेट्रोल पंप तुम्हाला नावानं ओळखतो."

"ड्रायव्हरची जात, बाई. जन्मभर धरून बसलो, आता ऐकत नाही."

आम्ही दोघं हसायचो. वर्षभर हसलो.

कॅन्सर हाडांत पसरल्यावर कळला. हार्मोन दाबणारी इंजेक्शनं सुरू झाली, तेव्हा त्यांनी पहिल्यांदा विचारलं, "तू काम करतीस तो हाच का गं?" मी हो म्हटलं. माझं जनुक समजावलं. या इंजेक्शनांनी कॅन्सर दबतो, पण ते जनुकही गप्प होतं, हेही सांगितलं.

"म्हणजे इंजिन बंद केलं की ब्रेकपण जड होतो, नीट लागत नाही, तसं."

चार वर्षांत इतकं नेमकं मला कुणी सांगितलं नव्हतं. मग हळूच म्हणाले, "मी आधीच सांगाय पायजे होतं. तुझं शिक्षण घरात असून उपयोग करून घेतला नाही बघ."

चूक माझी, आणि माफी ते मागत होते. मी "गोळी घ्या" म्हणाले... तेवढंच.

गेल्या आठवड्यात तिसऱ्यांदा तोच निकाल आला. ते जनुक चालू केलेल्या पेशी सावकाश वाढतात. काचेच्या बशीत, माणसात अजून नाही. त्याच संध्याकाळी साताऱ्याला धाकट्या काकांना फोन लावला आणि विचारलं, "काका, रात्री लघवीला किती वेळा उठता?" काका म्हणाले, "पोरीनं असलं विचारावं व्हय?" मी पुन्हा विचारलं.

सोमवारी काका तपासणी करून आले.