पापलेटाचा मान

गाव सोडलं त्या सकाळी मी एसटीच्या खिडकीशी बसून पोटभर रडलो. आई खाली उभी राहून डोळे पुसत होती. बाबा नव्हते. "होडी सोडून तुला सोडायला येऊ काय?" असं ते आदल्या दिवशीच म्हणाले होते. रडणं उरकल्यावर कंडक्टरने सांगितलं, ही गाडी रत्नागिरीची, पुण्याची पलीकडे लागलीय. उतरून पलीकडे जाऊन बसलो. दुसऱ्यांदा रडू काही येईना. आईलाही.

पुण्यात येरवड्याला खोली घेतली, वाघोलीच्या कॉलेजात लॅब असिस्टंट झालो आणि हळूहळू सुधारलो. म्हणजे काय, तर कुणाकडे जाण्याआधी फोन करू लागलो. एकदा शेजारच्या काकांकडे न कळवता गेलो, तर त्यांनी अर्धं दार उघडून विचारलं, "आपलं काही काम होतं का?"

"नाही, सहज आलो."

"मग सहज उद्या या. पाचला."

एवढं शिक्षण पुरलं. मी गावीही फोन करून जाऊ लागलो. शनिवारी येतो, एकपर्यंत पोचतो, वगैरे. ताटात तळलेलं पापलेट! मी खूश. स्टाफरूममध्ये सांगायचो, "आमच्याकडे काय, रोज पापलेट." अशी चार-पाच वर्षं गेली. एकदा खाताना मान वर केली, तर बाबांच्या, दादाच्या, वहिनीच्या ताटात बारक्या, स्वस्तातल्या मांदेलीचं कालवण. आमच्या होडीचं पापलेट बाजारात जायचं. घरात तळलं जायचं ते फक्त पाहुण्यासाठी. तो पाहुणा आता मी होतो, आणि वर दुसरा तुकडा मागत होतो.

"मलाही मांदेली वाढा की."

"असू दे हो भावोजी," वहिनी म्हणाल्या, "काटे लागतील."

पुढच्या खेपेला मी फोनच केला नाही. आई पडवीत मासळी साफ करत होती.

"आलास काय? एक फोन करायला काय झालं होतं? घरात काही नाही!"

ती इतकी चिडलेली बघून बरं वाटलं. चपला काढतोय तोच तिने शिंगाळ्यांची पाटी माझ्यापुढे सरकवली. पहिल्याच माशाचा काटा बोटात घुसला. शिंगाळा कुठे धरायचा, हे होडीवाल्याचा मुलगा विसरला होता. बाबा आतून म्हणाले, "आणि हा कॉलेजात असतो!"

सुजलेलं बोट घेऊन जेवायला बसलो. कालवण सगळ्यांना एकच. मला वाढलं ते शेवटी, तळाचं.

गावी राहिलेल्यांना यात लिहिण्यासारखं काही वाटणार नाही. निघून आलेल्यांनी मात्र एकदा फोन न करता जाऊन बघावं.