चिमण्यांना टाकलेला पाव

कोपऱ्यावरच्या बेकरीतून ताज्या पावाचा वास आला की मला लग्नानंतर माहेरच्या चर्चमध्ये गेले तो पहिला प्रभुभोजनाचा रविवार आठवतो. आईने आदल्या दिवशी त्यासाठी काळी द्राक्षं उकळून रस केला होता, पावाचे चौकोनी तुकडे कापले होते. आम्ही प्रोटेस्टंट, माझे यजमान कॅथलिक. ते भोजन न घेता शेवटच्या बाकावर हात बांधून बसले. उपासना संपल्यावर आईने नेहमीसारखे उरलेले तुकडे चिंचेखाली चिमण्यांना टाकले, तर हे धावत आले आणि गुडघे टेकून मातीतला एकेक तुकडा रुमालात वेचू लागले. "राहू द्या हो जावईबापू, चिमण्या खातील," आई कसंनुसं हसत म्हणाली. मी वाकून पुटपुटले, "उठा ना, सगळे बघतायत. पावच आहे तो." "तुमच्यासाठी," मान वर न करता हे म्हणाले. शेवटच्या भोजनात पाव हाती घेऊन प्रभू येशू म्हणाला होता, ‘हे माझे शरीर आहे’; ते वाक्य हे अक्षरशः खरं मानायचे. आम्ही त्यापुढच्या ‘माझ्या स्मरणार्थ’ला धरून होतो, आमच्या लेखी ती आठवण होती. परतताना स्कूटरवर मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला नाही. पुढे कित्येक वर्षं दर रविवारी एकाच घरातून निघून आम्ही दोन चर्चना गेलो. आता हे नाहीत. आज सकाळी चहासोबत खाताना पावाचा तुकडा खाली पडला. तो उचलायला एकटीच गुडघ्यांवर बसले तेव्हा वाटलं, नुसती आठवण पुरत नाही, हे त्यांना तेव्हाच ठाऊक होतं.