हौसाची शिकवणी

रविवारी संध्याकाळी मी हौसाची नखं कानशीनं घासली. आम्ही नवरा-बायकोनं मिळून केलेलं ते शेवटचं काम. तिची नखं जन्मापासून शिंगासारखी जाड. नेलकटर त्यात शिरायचाच नाही. शिरोलीच्या फौंड्रीत मी जन्मभर लोखंड घासलं, तसलीच एक बारीक कानस तिच्यासाठी घरी ठेवली होती. "हळू की अवो! कास्टिंग न्हाय मी," असं ती दर वेळी ओरडायची. त्या दिवशीही ओरडली. सोमवारी सकाळी उठलीच नाही.

डोक्यावर केस म्हणाल तर मक्याच्या कणसाच्या शेंड्याला असतात तेवढे. तिच्या बापाचंही तसंच होतं. लग्नात तिच्या आईनं गंगावन लावून अंबाडा घातला होता. माझ्या बहिणीनं चेष्टेत तो ओढला, तर अख्खा अंबाडा तिच्या हातात आला. सगळा मांडव हसला. हौसा रडली नाही. म्हणाली, "ठिवा तुमालाच, वन्सं. डोक्यात अक्कल न्हाय, तिथं भरा." मला ती तेव्हाच आवडली. पण त्या मांडवातून ती कधी बाहेर आली नाही.

आमचा पोरगाही तसाच निघाला. पण पुरुष टकला असला तर कोण विचारतंय? त्याचं लग्न झालं, मग नात झाली, तनू. जावळाच्या दिवशी पोर मामाच्या मांडीवर, न्हावी वस्तरा घेऊन बसलेला आणि कापायला काहीच नाही. तो माझ्या तोंडाकडं बघायला लागला. हौसा गरजली, "फिरव की वस्तरा! केस न्हाईत म्हणून पोरीला मान न्हाय व्हय?" त्यानं फिरवला. रक्ताची बारीक रेघ उठली.

कातडीच्या डॉक्टरनं सांगितलं, हे रक्तातून येतं, पिढीजात आहे, औषध नाही. हौसा म्हणाली, "जमीन न्हाय, जुमला न्हाय. नखं तरी दिली की आमी पोरीला."

तनू पहिलीत गेली आणि हौसाची शिकवणी सुरू झाली. रोज सकाळी पोरगी दप्तर पाठीला लावून दारात उभी राहायची आणि हौसा शाळेतली पोरं व्हायची. "ए टकले! माशी घसरून पडली बघ तुझ्या डोक्यावरनं! ए घुबडाची नखं!" तनूनं न रडता उलट उत्तर द्यायचं. रडली की परत पहिल्यापासून.

सून चिडायची. "आत्या, तुमी आज्जी हायसा का वैरीण?"

"वैरीणच हाय. घरातली वैरीण परवडती. भायेरचे लोक जीव घेत्यात."

मी एकदा म्हणालो, "पुरे गं आता."

"तुमी गप बसा. तुमाला कुणी टकली म्हणलंय का कधी?"

शाळेच्या गॅदरिंगला तनूचा नाच होता. सुनेनं महाद्वार रोडवरून दोन वेण्यांचा टोप आणला. पोरगी तो घालून घरभर पळाली. हौसानं तिला धरलं आणि सगळ्यांदेखत टोप ओढून काढला. "बघ. असं कुणीतरी वढणार. आज मी वढला, बरं झालं."

तनू गॅदरिंगला गेली नाही. त्या दिवसापासून आज्जीच्या ताटात जेवली नाही. शिकवणीला मात्र उभी राहायची आणि कोरड्या डोळ्यांनी फाडफाड उत्तरं द्यायची. हौसा खूश. "तयार झाली पोरगी." मला ते डोळे बघवायचे नाहीत.

सोमवारी दुपारी हौसाला पंचगंगेवर नेली. तनू रडली नाही. बायका म्हणाल्या, "केवढी धीराची पोर!" धीर कसला? आज्जीनं तिचं रडूच मारून टाकलं होतं. हौसावाचून मला घर खायला उठतंय, ते खरं. पण पोरीचं तिनं वाईट केलं, तेही खरंच.

मंगळवारी सकाळी मी सुनेला विचारलं, "तो टोप कुठं हाय?"

"कपाटात हाय, मामा. पण आज? लोक काय म्हणतील?"

"आण."

तनूला पुढ्यात घेतली आणि माझ्या हातानं टोप घातला. वाकडाच बसला. तिनं दोन्ही वेण्या मुठीत घट्ट धरल्या.

"आज्जा, वढणार न्हाईस न्हवं?"

"न्हाय."

मग ती आरशापुढं गेली. मान इकडं फिरवली, तिकडं फिरवली आणि मोठ्यानं हसली. दुखवट्याला आलेल्या बायका अंगणातच थबकल्या. एकमेकींकडं बघायला लागल्या.

मी उठलो आणि दार आतून लावून घेतलं.